सात गाण्यांचं गणित

बुधवार, रात्र

मुंबईत एफएम रेडिओचा डायल खालून वर सरकवला की स्टेशनं मोजूनमापून लागतात. 91.1, 91.9, 92.7, 93.5, 94.3. दोघांत बरोबर 0.8 मेगाहर्ट्झ, कारण नियमच तसा आहे. आतली गाणी मात्र कितीतरी वर्षं एकच होती, आणि ती ऐकणाऱ्यांच्या आवडीपेक्षा पैशाने ठरवली.

सरकारने खासगी एफएमचे परवाने टप्प्याटप्प्याने दिले. पहिल्या टप्प्यात परवाना शुल्क ठरलेलं असायचं, वर दर वर्षी 15 टक्के वाढ. जाहिराती येवोत न येवोत. अशात वेगळं काही वाजवायची हिंमत कोण करणार? 92.5 वरच्या ‘गो’ने 2002 साली इंग्रजी गाणी लावली होती. तेच पुढे 94.3 वर ‘रेडिओ वन’ झालं, हिंदीत आलं, आणि कालांतराने परत इंग्रजीत गेलं. 2005 च्या, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या, धोरणाने शुल्काची सांगड उत्पन्नाशी घातली, उत्पन्नाच्या 4 टक्के. तिसऱ्या टप्प्यात एका कंपनीला एकाच शहरात एकाहून जास्त वाहिन्या मिळू लागल्या, आणि खरा फरक तिथे पडला. आपलाच श्रोता आपणच कशाला पळवायचा? म्हणून 2016 मध्ये 91.9 वर ‘रेडिओ नशा’ जुनी गाणी घेऊन आलं. त्याच घरातल्या ‘फीवर 104’कडे नवी होतीच.

‘तीच तीच गाणी वाजवतात’ ही तक्रार खरी आहे. ते आळसाने होतं हा समज मात्र खोटा.

तासात जाहिराती आणि आरजेच्या लिंका, म्हणजे गाण्यांमधलं बोलणं, वजा जाता साधारण 40 मिनिटं उरतात, म्हणजे चार मिनिटांची दहा गाणी. सगळ्यात चालत्या गाण्यांचा गट वेगळा काढतात आणि क्लॉकमध्ये, म्हणजे तासाच्या आराखड्यात, त्याला, समजा, तासाला दोन जागा देतात. गटात सहा गाणी ठेवली की प्रत्येक गाणं तीन तासांनी परततं. 24 ला 3 ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे सकाळी नऊच्या रिक्षात रोज तेच गाणं! गाणी सात केली की फेरा साडेतीन तासांचा होतो आणि प्रत्येक गाणं रोज अर्धा तास पुढे सरकतं. नऊ वाजताच्या श्रोत्याला ते थेट आठवड्याने भेटतं. एका गाण्याचा फरक, पण गाण्यांचा क्रम लावणारे नवशिके शेड्युलर सहाच ठेवतात.

नव्या गाण्यांवरून रेट्रोवर जाताना जास्त फसगत होते. जुनी गाणी तीन-सव्वातीन मिनिटांची, त्यामुळे तासाला बारा बसतात, दिवसाला 288. सहाशे गाण्यांचा ‘खजिना’ दोन दिवसांत संपतो. एकाच गायकाच्या दोन गाण्यांतलं अंतर 45 मिनिटांचं ठेवलं तर लता, रफी, किशोर यांच्यातच सॉफ्टवेअर अडकतं आणि लॉगमध्ये, म्हणजे दिवसभराच्या यादीत, रिकाम्या जागा सोडतं. अंतर वीस मिनिटांवर आणावं आणि त्याऐवजी संगीतकार व चित्रपट यांवर कडक नियम लावावा. लायब्ररीत ‘झंकार बीट्स’च्या, म्हणजे जुन्या गाण्यावर नवा ठेका चढवलेल्या, फाइली मूळ गाण्याच्याच नावाने बसलेल्या असतात, त्या कानांनीच वेचाव्या लागतात, टॅगवर विसंबू नये.

मग प्रोसेसर, म्हणजे प्रसारणाआधी आवाजाची पातळी सांभाळणारं यंत्र. नव्या गाण्यांसाठी तो गच्च आवळलेला असतो. तीच सेटिंग जुन्या रेकॉर्डवर लावली की गायक श्वास घ्यायला थांबतो तेवढ्यात मागची खरखर फुगून वर येते. त्यातल्या गेटची पातळी वाढवायची, म्हणजे शांत जागी गेन (आवाज किती वाढवायचा ते प्रमाण) तिथेच गोठतो, आणि वरच्या बँडची, म्हणजे तीव्र स्वरांच्या पट्ट्याची, ओढ कमी करायची. प्रत्येक फाइल एकदा मोनो करून, म्हणजे डावा-उजवा चॅनेल एकत्र करून, ऐकायची. आवाज पातळ झाला किंवा गायबच झाला तर एका चॅनेलचा फेज उलटा आहे, म्हणजे दोन्ही चॅनेल एकमेकांना खोडून काढतात. स्टुडिओतल्या स्टिरिओ हेडफोनवर हे सहज निसटतं, घरातल्या एका स्पीकरच्या रेडिओवर लगेच कळतं.

2007 पासून मुंबई, दिल्ली आणि बेंगळुरूत, पुढे कोलकात्यातही, श्रोत्यांकडून डायऱ्या भरून घेऊन कोणतं स्टेशन किती ऐकलं जातं त्याचे आकडे काढत. लिहिणारा आठवून लिहिणार, म्हणून गाण्यागणिक स्टेशनचं नाव आणि आकडा ओरडून सांगायची सवय लागली. पुणे-नागपूरच्या स्टेशनांनी या डायऱ्या नसतानाही तीच नक्कल केली. गीतकाराचं नाव सांगायला मात्र सेकंद उरत नाहीत. ते ऐकायचं तर विविध भारती.