सातवीच्या वर्गात अख्खं पुस्तक

पाठ्यपुस्तकातला उतारा संपतो तेव्हा मुलांची त्यातल्या माणसाशी जेमतेम तोंडओळख झालेली असते. लगेच खाली स्वाध्याय, आणि पुढच्या पाठात दुसरंच गाव, दुसरीच माणसं. म्हणून पहिल्या सत्रात मी सातवीला एक अख्खं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवते. सध्या ते ‘श्यामची आई’ आहे. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनावर आता स्वामित्वहक्क नाही. हवी ती ‘रात्र’ (पुस्तकातल्या प्रकरणांना असंच नाव आहे) बिनदिक्कत झेरॉक्स करून बाकाबाकावर देता येते.

हे पुस्तक रडवणारं म्हणून प्रसिद्ध आहे. मला ते भाषेच्या तासाला हवं असतं ते त्याच्या बांधणीसाठी. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री लहानपणीची एकेक आठवण सांगतो. म्हणजे श्याम दोन आहेत, एक भोगणारा आणि एक सांगणारा. ‘निवेदक’ म्हणजे काय, हे व्याख्या पाठ करून कळत नाही, इथे कळतं.

पोहण्याची रात्र घ्या. श्याम विहिरीला घाबरून घरात लपतो, आई त्याला शोधून काढते आणि चोपते. यंदा वर्ग पेटलाच. “बाई, शाळेत मुलांना मारायला कायद्याने बंदी आहे!” बरोबर आहे, मी ते मान्य केलं आणि वाद चालू दिला. मग एकाने विचारलं, “एवढं मारलं, तर तो रागाने का नाही सांगत?” मागच्या बाकावरून उत्तर आलं, “कारण तो आत्ता सांगतोय. तेव्हा सांगितलं असतं तर चिडला असता.” एरवी ही मुलगी वर्गात तोंड उघडत नाही. मला त्या क्षणी फार आनंद झाला.

त्या दिवशी मी तोच प्रसंग आईच्या तोंडून लिहायला दिला. एका मुलाने आधी लिहिलं होतं, ‘श्याम पाण्याला घाबरला.’ ते खोडून त्याने केलं, ‘श्याम पाण्याला घाबरला असावा.’ का बदललंस विचारलं, तर म्हणाला, “आईला त्याच्या मनातलं कसं कळणार?” क्रियापदाच्या रूपांचा तक्ता मी अनेकदा फळ्यावर काढलाय. ‘असावा’ची गरज अशी कुणाला पडलेली मी पाहिली नव्हती. त्या तासाला मग आम्ही ‘असेल’, ‘असणार’, ‘असावा’ यांतला फरकच बोलत बसलो.

तात्पर्य मी विचारत नाही. पुस्तकात आईचा उपदेश भरपूर आहे, त्यावर माझा आणखी कशाला? आणि दर प्रकरणाखाली प्रश्न दिले की मुलं गोष्ट सोडून उत्तरं शोधत वाचू लागतात.

‘पोर्शन’ची चिंता सहकाऱ्यांना असते, आणि ती खरी आहे. तास मलाही वाढवून मिळत नाहीत. पण वाक्प्रचार, विरामचिन्हं, काळ हे सगळं याच पानांतून होतं, त्यासाठी वेगळे तास लागत नाहीत.

दिवाळीनंतर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घेते. तिथे धावपळ, चुरचुरीत संवाद आणि ते ‘ट्टॉक!’ आहे, म्हणजे अवतरणचिन्हं आणि अनुकरणवाचक शब्द आपसूक आले. पण मुलांचा पहिला प्रश्न आता वेगळाच असतो : “बाई, ही गोष्ट कोण सांगतंय?”