जोकास्टा आत गेली, मेंढपाळ बाहेर आला

नववीच्या स्नेहसंमेलनात 'राजा ईडिपस' या ग्रीक नाटकात मी राणी जोकास्टा झालो होतो आणि पाच मिनिटांनी त्यातलाच म्हातारा मेंढपाळ. मुलं कमी होती म्हणून नव्हे. वर्गात आम्ही ५२ जण होतो. पण मराठीच्या सरांचा हट्ट, नट तीनच. हे नाटक लिहिणाऱ्या सोफोक्लीजच्या काळी अथेन्समध्ये बोलणारे नट तीनच असत, तिघंही पुरुष, आणि मुखवटे बदलून सगळ्या भूमिका तेच करत. त्याच्या आधीच्या एस्किलस या नाटककाराने एकाचे दोन नट केले, सोफोक्लीजने तिसरा आणला, असं ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल लिहून गेलाय. "त्याचं तिघांत भागलं, तुम्हाला काय धाड भरलीय?" असं सर म्हणायचे. उरलेल्यांतले पंधरा कोरसमध्ये, म्हणजे नाचत-गात बोलणाऱ्या घोळक्यात गेले. ते पहिल्या दिवशी टाळ घेऊन आले, तेव्हा सर ओरडले, "गाढवांनो, ही थीब्ज शहरातली म्हातारी माणसं आहेत, भजनी मंडळ नाही!"

सरांना खरं तर त्याच काळच्या युरिपिडीज या नाटककाराचं 'मिडिया' करायचं होतं. इ.स.पू. ४३१च्या स्पर्धेत ते तिघांत तिसरं आलं, याचा राग सरांना अडीच हजार वर्षांनंतरही होता. पण त्यात शेवटी मिडियाला यारीवरून आकाशात न्यायचं असतं, आणि आपल्या शाळेत होता फक्त विहिरीचा रहाट. म्हणून 'राजा ईडिपस', तोही शेवटचा पाऊण तास.

मुख्याध्यापिका बाईंनी सरांना बोलावून घेतलं. आम्ही खिडकीखाली बसून ऐकत होतो. "सर, यात मुलाचं आईशी लग्न होतं म्हणे?"

"होतं बाई, पण स्टेजवर नाही. नाटक सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी झालेलं असतं."

बाई त्यावर काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण परवानगी मिळाली. सरांचं उत्तर ही पळवाट नव्हती. या नाटकात सगळं भयंकर एकतर पूर्वी घडून गेलेलं असतं, नाहीतर दाराआड घडतं. राणीचं गळफास घेणं, राजाचं तिच्याच वस्त्राच्या सोन्याच्या पिनांनी डोळे फोडून घेणं, काहीच दिसत नाही. एक सेवक बाहेर येऊन सांगतो आणि आपण ते कानांनी पाहतो. आमच्या राजवाड्याचं दार म्हणजे प्रयोगशाळेचं दार. त्यापुढे कबड्डीच्या मैदानासाठी आणलेल्या फक्कीने मोठं वर्तुळ आखलं, ते कोरसचं. ऑर्केस्ट्रा हा शब्द मुळात या नाचायच्या जागेचा, वाजंत्र्यांचा नव्हे, हे तेव्हा कळलं. तिकडे मुखवटे कापडाचे करत. आम्ही माठावर रद्दी आणि मैद्याची खळ थापून केले.

संमेलनाच्या आठवडाभर आधी सरांनी एक अघोरी काम केलं. प्रार्थनेनंतर माइक हातात घेऊन सगळ्या शाळेला गोष्ट सांगून टाकली. थीब्जमध्ये साथ आली आहे, आधीचा राजा लायस याचा खुनी सापडल्याशिवाय ती हटणार नाही, ईडिपस त्याला शोधायला निघतो, आणि खुनी तोच, मेलेला त्याचा बाप, घरातली राणी त्याची आई. आम्ही वैतागलो. सस्पेन्सच गेला! सर म्हणाले, "अथेन्सच्या लोकांना गोष्ट ठाऊकच असायची. राजाला ठाऊक नसतं आणि तुम्हाला असतं, सगळी गंमत तिथंच आहे."

तालमीत एकदा कोणीतरी म्हणालं, हे त्याच्या कर्माचं फळ. सर भडकले. ॲरिस्टॉटलचा शब्द 'हमार्तिया'. बाणाचा नेम चुकावा तशी चूक, पाप नव्हे. असा नायक फार सज्जन नसतो, दुष्टही नसतो. आणि त्याला खड्ड्यात घालतो तो त्याचा चांगला गुण: सत्य कळेपर्यंत तो थांबत नाही. आंधळ्या भविष्यवेत्त्या टायरेसियसला सगळं दिसतं, डोळसाला दिसत नाही. हे फळ्यावर लिहायला सोपं आहे. मुखवट्याच्या दोन भोकांतून बघताना ते वेगळंच वाटतं. बाजूचं काही दिसत नाही आणि स्वतःचाच श्वास कानात घुमतो.

संमेलनाच्या रात्री कॉरिंथचा दूत आला. तो खुशीत असतो: राजा पॉलिबस वारला, आता तिथलं राज्य तुझं. ईडिपस त्यालाच बाप समजतो, म्हणून 'बापाला मारशील, आईशी लग्न करशील' या भविष्यवाणीतला बापाचा भाग खोटा ठरल्यासारखा वाटतो. आईची भीती मात्र उरते. तीही घालवावी म्हणून दूत प्रेमाने सांगतो, तू त्यांचा मुलगाच नव्हेस, एका मेंढपाळाकडून घेऊन मीच तुला त्यांना आणून दिलं. दिलासा द्यायला आला आणि सगळं उलटं करून बसला. नाटकाला कलाटणी कशी द्यावी, याचं उदाहरण म्हणून ॲरिस्टॉटल हाच प्रसंग देतो. राणीला सगळं आधी कळतं. मी हात जोडून म्हणालो, "नको विचारूस!" आणि पाचवीतली कोणी मुलगी प्रेक्षकांतून माझ्याबरोबरच किंचाळली, "नको ना विचारू!" कोणी हसलं नाही. सरांनी गोष्ट आधी का सांगितली, ते मला त्या क्षणी कळलं.

मी प्रयोगशाळेत शिरलो. बाहेर कोरसचं गाणं. तेवढ्यात पांढरी चादर सोडून घोंगडी पांघरायची, मुखवटा बदलायचा. चादरीची गाठ सुटेना. तशीच वर घोंगडी घेतली आणि मेंढपाळाच्या पायाशी राणीची चादर लोंबत बाहेर आलो. नंतर महिनाभर वर्गात चिडवणं चाललं.

पुढे बऱ्याच वर्षांनी कंपनीच्या कामासाठी अथेन्सला गेलो. ॲक्रॉपॉलिसच्या दक्षिण उतारावर डायोनिसस या देवाचं नाट्यगृह आहे. आज दिसतात ती दगडी बाकं सोफोक्लीजनंतरची. त्याच्या काळी लोक लाकडी फळ्यांवर बसत. एका दगडावर टेकून मी संवाद पुटपुटायला लागलो आणि एकदम थबकलो. राणी आत जाते तेव्हा राजा आणि दूत बाहेरच थांबतात. म्हणजे नट तीनच असतील, तर मेंढपाळ राणीच्याच नटाला व्हावं लागतं, दुसरा उरतच नाही. आणि राजा मेंढपाळाला विचारतो काय? हे मूल तुला तिनं, म्हणजे राणीनं, दिलं का? राजा आणि तो एकेक ओळ अर्धी अर्धी वाटून घेत बोलतात, दम घ्यायलाही जागा नाही. आईच्या तोंडून जे निघालं नाही, ते तोच गळा दुसऱ्या मुखवट्याआडून बोलतो. माझी चादर उगाच लोंबत नव्हती तर!

हॉटेलवर येऊन सरांना फोन लावला. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. वाटलं होतं म्हणतील, मग तुला दोन्ही पार्ट कशाला दिले होते? तर म्हणाले, "अरे, मला हे आत्ता तुझ्याकडून कळतंय. मी आपला नियम पाळला." मग बराच वेळ गप्प. फोन कटला असं वाटलं, तेवढ्यात तालमीतला आवाज आला, जरा थकलेला:

"तिनं दिलं?"

"होय, महाराज."

"कशासाठी?"

"मारून टाकायला."

"पोटच्या पोराला?"

पुढचं वाक्य मला आठवेना. सरांनीच सांगितलं.