तुम्ही विचारलंत म्हणून: अर्काने एन्झाइम थांबलं, मग औषध सापडलं का?

एन्झाइमना अडवणारे रेणू शोधणं हे माझं काम. ते ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "अमक्या वनस्पतीच्या अर्काने मधुमेहातलं एन्झाइम थांबतं असं वाचलं. म्हणजे औषध सापडलंच की?"

नाही सापडलं. सापडला तो फक्त एक संशयित.

हे एन्झाइम बहुधा अल्फा-ग्लुकोसिडेज असतं. ते आतड्यात पिष्टाच्या तुकड्यांतून ग्लुकोज सुटं करतं. चाचणीत त्याला पीएनपीजी नावाचा रंगहीन पदार्थ देतात. तो तुटला की पिवळं पॅरा-नायट्रोफिनॉल सुटतं. 96 छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये, 405 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात हा पिवळेपणा मोजायचा. रंग कमी आला, तर एन्झाइम अडलं असं मानायचं.

गोम त्या 'मानायचं'मध्ये आहे. अर्क स्वतःच पिवळट-तपकिरी असेल तर आकडे बिघडतात. त्यासाठी एन्झाइमशिवाय अर्काचं कोरं वाचन घ्यावं लागतं. ते सोपं आहे. टॅनिन, म्हणजे वनस्पतींतली तुरट द्रव्यं, मात्र चिवट. ती दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात, एन्झाइमची निवड वगैरे काही नाही. काही रेणू पाण्यात एकत्र येऊन सूक्ष्म गोळे करतात आणि एन्झाइम त्या गोळ्यांवर अडकून पडतं. हे ओळखायला मी चाचणीत 0.01 टक्का ट्रायटन एक्स-100 घालते. गोळे फोडणारा हा डिटर्जंट घातल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर त्या रेणूवर माझा जीव राहत नाही. दुसरं, अगदी असंबंधित एन्झाइमही लावून बघते. तेही अडलं तर संशय पक्का.

आणि अशा शोधनिबंधांतलं ते 'अकार्बोजपेक्षा प्रभावी' हे वाक्य! अकार्बोज हे मधुमेहावर खरोखर वापरातलं, हेच एन्झाइम अडवणारं औषध, म्हणून तुलनेला तेच घेतात. पण स्वस्त आणि सहज मिळतं म्हणून एन्झाइम बऱ्याचदा यीस्टचं वापरतात आणि यीस्टच्या एन्झाइमवर अकार्बोज फारच दुबळं पडतं. सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या एन्झाइमला ते कितीतरी कमी मात्रेत अडवतं. पडेल पैलवानाला चीत करून मिरवण्यातला हा प्रकार. मी असा दावा वाचला की आधी 'पद्धती'चा भाग उघडते आणि एन्झाइम कुठलं होतं ते बघते. यीस्टचं असेल, आणि उंदराच्या आतड्यातल्या एन्झाइमवर पुन्हा तपासलेलं नसेल, तर तुलनेचा तक्ता मी वाचतही नाही.