मामांचं घड्याळ पळतंय

आठवड्याला चार मिनिटं पुढे. मामांनी मस्कतला नोकरीत असताना घेतलेलं ओमेगा सीमास्टर, निळ्या डायलवर लाटांची नक्षी असलेलं, गेल्या दिवाळीत माझ्या मनगटावर आलं आणि एप्रिलमध्ये पळायला लागलं. मामांना फोन केला तर ते दुखावलेच. "माझ्याकडे २० वर्षं होतं, सेकंदाचा फरक नाही. तू काय केलंस त्याला?"

काहीच केलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

मग मोजायचं ठरवलं. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत राखतात. त्यांच्या सर्व्हरवरची वेळ फोनवर सेकंदांसकट लावली. सेकंदकाटा १२ वर आला की चावी बाहेर ओढायची, काटा थांबतो. फोनवर मिनिट पूर्ण झालं की चावी आत दाबायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फरक बघायचा. पहिल्या दिवशी २८ सेकंद, दुसऱ्या दिवशी ४१. हे काय गणित? थोडा दोष माझा होता: एकदा काट्याकडे, एकदा फोनकडे बघेपर्यंत अर्धा-एक सेकंद सहज जातो. त्यावर उपाय सोपा निघाला. घड्याळ फोनला टेकवून उभं करायचं आणि बायकोच्या फोनने दोन्हींचा एकच फोटो काढायचा. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागून पानं सुरू केली. सात दिवसांत २५२ सेकंद, म्हणजे रोजचे सरासरी ३६. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर ही चूक ०.०४ टक्के. ऐकायला क्षुल्लक, पण या घड्याळातलं ११२० नंबरचं यंत्र क्रोनोमीटर, म्हणजे अचूक वेळ दाखवणारं यंत्र म्हणून पास झालेलं असतं. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था यंत्र केसमध्ये बसवायच्या आधी १५ दिवस, ५ स्थितींत आणि ८, २३, ३८ अंश सेल्सिअसला तपासते. रोजची सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत हवी. ३६ कुठे आणि ६ कुठे.

टिकटिक ऐकून वेग सांगणारं अ‍ॅपही मिळालं. यंत्र तासाला २८,८०० ठोके देतं, सेकंदाला ८. मायक्रोफोनला ते नीट ऐकू यायला हवेत. म्हणजे खोलीत शांतता. म्हणजे पंखा बंद. पुण्यात, मे महिन्यात, रात्री ११ वाजता. "झाला का कार्डिओग्राम? पंखा लाव," आतून आवाज आला. अ‍ॅपने अधिक ३७ दाखवलं. वही खरं बोलत होती.

शनिवार पेठेतल्या एका जुन्या घड्याळजींकडे गेलो. त्यांच्या मशीनच्या चिमट्यात घड्याळ धरलं की पडद्यावर ठिपक्यांच्या दोन रेघा उमटतात. सपाट असल्या तर बरोबर, वर चढल्या तर घड्याळ पुढे. माझ्या रेघा जिना चढत होत्या. काकांनी मागचं झाकण उघडायचं नावही काढलं नाही. ड्रॉवरमधून शाळेतलं असावं तसं होकायंत्र काढलं आणि घड्याळावर धरलं. सुई थरथरायला लागली.

"रात्री कुठे ठेवता?"

"टॅबवर. म्हणजे... टॅबच्या कव्हरवर."

"कव्हरला लोहचुंबक असतं ना?"

घड्याळाचा वेग ठरवणाऱ्या, मागेपुढे हलणाऱ्या चाकाची (बॅलन्स व्हीलची) केसासारखी स्प्रिंग चुंबकाने भारली गेली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, ती जणू आखूड होते आणि चाक भराभर हलतं. काकांनी चुंबकत्व घालवणाऱ्या एका निळ्या डबीवर घड्याळ धरलं, बटण दाबलं आणि दाबलेलंच ठेवून हात सावकाश लांब नेला. जवळच बटण सोडलं तर पुन्हा भारलं जातं, म्हणाले. परत मशीनवर ठेवलं. रेघा जवळजवळ सपाट.

मग त्यांनी ते आडवं, पालथं, उभं, असं फिरवत आकडे लिहून दिले: डायल वर अधिक ७, डायल खाली अधिक ६, चावी वर अधिक २, चावी खाली उणे १. एकच घड्याळ, चार वेग. माझ्या वहीतल्या २८ आणि ४१ चा उलगडाही मला इथेच झाला: रविवारी ते दिवसभर टेबलावर आडवं पडून होतं. काका म्हणाले, "दिवसा हातावर पुढे गेलं तर रात्री चावी खाली करून झोपवा. थोडं मागे येईल."

आता ते चहाच्या कपाला टेकून झोपतं. टॅबची बदली स्वयंपाकघरात झाली. नव्या आठवड्याची बेरीज २९ सेकंद, रोजचे चार. मामांना अभिमानाने सांगितलं.

"चार? माझ्याकडे शून्य होतं."

"कशावरून? मोजत होतात?"

"मोजायचं कशाला? दर शुक्रवारी सुट्टीला लावून ठेवायचो की."