आमची वाटचाल : चिठ्ठ्या टाकून काढलेल्या अकरा बॅचेस

2009 साली नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली. जवळ एक जुनं आठ स्टेशनचं टॅब्लेट मशीन, छोटा ब्लेंडर आणि डिझॉल्युशनचं, म्हणजे औषध किती विरघळलं ते मोजायचं यंत्र. काम एकच, दुसऱ्यांसाठी गोळीचा फॉर्म्युला बसवून देणं.

पहिल्याच मोठ्या कामात तोंडावर आपटलो. गोळी दाबणाऱ्या पंचला ती चिकटायची, म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट (चिकटू नये म्हणून घालतात ती पूड) अर्ध्या टक्क्यावरून एक टक्का केलं. चिकटणं थांबलं, गोळी चकचकीत निघाली. पण 30 मिनिटांत 80 टक्के औषध विरघळायला हवं, ते कधी 85 तर कधी 62! महिनाभर नुसता दाब कमीजास्त करत बसलो. शेवटी पार्टीनं आगाऊ रक्कम परत मागितली.

बायकोचे मामा कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदलताय ना? सगळ्या एकत्र बदलून बघा, ज्वारीच्या वाफ्यांत आम्ही तसंच करायचो." खरंच, प्रयोगांच्या आखणीचं हे शास्त्र शेतातलंच. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात ते उभं केलं; आपल्याकडे पानसे-सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांनी शेती संशोधनात रुजवलं.

मामांनी तीन गोष्टी धरल्या : स्टिअरेट किती, ब्लेंडर किती वेळ, दाब किती. प्रत्येकीचा एक कमी, एक जास्त आकडा. सगळ्या जुळण्या धरून झाल्या आठ बॅचेस. वर मधल्या आकड्यांच्या तीन. क्रम चिठ्ठ्या टाकून. ऑपरेटर वैतागला, दर बॅचला सेटिंग कोण बदलणार! पण ऑगस्ट होता. ओळीनं घेतल्या असत्या तर कोरडी सकाळ एका सेटिंगच्या वाट्याला आणि दुपारची ओल दुसऱ्याच्या.

अर्ध्या टक्क्याला ब्लेंडर दोन मिनिटं फिरवा की आठ, विरघळणं जेमतेम हलायचं. एक टक्क्याला आठ मिनिटं झाली की गोळी मऊ आणि आकडा थेट साठीत. स्टिअरेट जास्त फिरलं की कणांवर मेणचट थर चढतो, पाणी आत शिरत नाही. आणि आमच्या बॅच कार्डवर वेळेच्या रकान्यात काय होतं? 'नीट मिसळेपर्यंत'.

शेवटी ठरलं : स्टिअरेट पाऊण टक्का, ब्लेंडर तीन मिनिटं. तीन बॅचेस पुन्हा काढून खात्री केली.

आज दोन गाळे आहेत. बदलायचे घटक सात-आठ असले की आधी प्लॅकेट-बर्मन या आखणीच्या बारा बॅचेसमध्ये चाळणी लावतो, म्हणजे महत्त्वाचे तेवढे उरतात. आयसीएच या औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या क्यू-8 या औषध विकासाच्या मार्गदर्शिकेमुळे मोठ्या कंपन्या असं काम आपणहून मागतात. लहान पार्ट्या अजून विचारतात, तिनात भागेल तिथे अकराचे पैसे कशाला? सॉफ्टवेअर रंगीत आलेख काढतं, पण कुठले घटक धरायचे ते मशीनवरचा माणूसच सांगतो.

ती पहिली पार्टी काही परत आली नाही. तिच्या आगाऊ रकमेचा शेवटचा हप्ता 2012 मध्ये फेडला.