किल्डेअरची पागा आणि पोरांनी वाढवलेला बापाचा भाव

एक लाख वीस हजार युरो. २०१९ साली आयर्लंडच्या सरकारी पागेत, म्हणजे आयरिश नॅशनल स्टडमध्ये, आपली घोडी इनव्हिन्सिबल स्पिरिट ह्या घोड्याकडे न्यायची तर एका घोडीमागे फी एवढी होती. तेव्हाच्या रेटने जवळपास पंचाण्णव लाख रुपये. घोडा विकत घ्यायचा नाही बरं का, नुसतं घोडीला गाभण करायचं त्याचे हे पैसे, आणि होणारं शिंगरू धावेल की आयुष्यभर गवत खाईल याची कसलीही गॅरंटी नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये डब्लिनला मित्राकडे गेलो होतो. हा मित्र मूळचा पुण्याचा, कॉलेजात असताना रविवारी रेसकोर्सवर पडीक असायचा, त्यामुळे त्याने मोहेर क्लिफ्सच्या आधी इथेच न्यायचं ठरवून टाकलेलं. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून किल्डेअरला ट्रेनने पाऊण तास लागतो. आमच्याबरोबर उतरलेली निम्मी पब्लिक सरळ आउटलेट शॉपिंगच्या बसकडे पळाली (आमच्या दोघांच्या बायकाही त्यातच), आणि आम्ही टुलीच्या, म्हणजे पागेच्या, रस्त्याला लागलो. हा सगळा इलाखाच घोड्यांचा, शेजारी करा नावाचं अफाट मोकळं माळरान आहे आणि आयरिश डर्बी तिथेच होते. जमिनीखाली चुनखडी, त्यामुळे पाण्यात आणि गवतात कॅल्शियम भरपूर, आणि त्यानेच इथल्या शिंगरांची हाडं मजबूत होतात असं तिथे जो भेटेल तो सांगतो.

ही पागा सुरू केली विल्यम हॉल वॉकर नावाच्या स्कॉटिश कर्नलने, १९०० साली. मद्याच्या धंद्यातला पैसेवाला गडी, पण डोक्याने भलताच. जन्मलेल्या प्रत्येक शिंगराची तो पत्रिका मांडायचा! जन्मवेळ, ग्रह, सगळं, आणि पत्रिका बरी नसेल तर शिंगरू विकून मोकळा. घोड्यांच्या खोल्यांच्या छपरांना त्याने मुद्दाम झरोके ठेवले, चंद्र-ताऱ्यांचा प्रभाव थेट घोड्यावर पडावा म्हणून, आणि ते अजून आहेत, मान वर करून बघता येतात. मित्र म्हणाला, हा माणूस चुकून इथे जन्मला, ह्याला नाशिकला पाठवायला पाहिजे होतं. पण हसून सोडून देण्यासारखंही नाही, कारण त्याचे घोडे खरंच जिंकायचे. इथला मिनोरू नावाचा घोडा त्याने राजा सातव्या एडवर्डला भाड्याने दिला आणि तो १९०९ ची एप्सम डर्बी, म्हणजे इंग्लंडमधली सगळ्यात मानाची शर्यत, जिंकला, गादीवरच्या राजाचा घोडा डर्बी जिंकण्याची ती पहिलीच वेळ. मिनोरू हे नाव जपानी माळ्याच्या मुलाचं. पागेच्या आवारातच जपानी बाग आहे, ती १९०६ ते १९१० मध्ये त्या माळ्यानेच केली, आणि एकाच तिकिटात दोन्ही बघता येतं. उलट इथेच पैदा झालेला प्रिन्स पॅलेटाइन कर्नलसाहेबांनी विकून टाकला आणि तो दुसऱ्या मालकाच्या रंगात १९११ चा सेंट लेजर आणि पुढे लागोपाठ दोन वर्षं अॅस्कॉट गोल्ड कप मारून गेला. १९१५ मध्ये साहेबांनी अख्खी पागा ब्रिटिश सरकारला देऊन टाकली, आणि चाळीसच्या दशकात ती आयरिश सरकारकडे आली.

टूर देणाऱ्या बाई साठीच्या, गुडघ्यापर्यंत गमबूट, बोलण्यात एकदम रोखठोक. त्यांनी आधी कव्हरिंग शेड दाखवली. प्रत्यक्ष काम बघायला देत नाहीत, पण रिकामी शेडसुद्धा पुरेशी बोलकी आहे. पायाखाली मऊ जमीन, भिंतींना गाद्या, आणि खुंटीला टांगलेले जाड फेल्टचे बूट. ते घोडीच्या मागच्या पायात घालतात, म्हणजे तिने लाथ झाडली तरी लाखमोलाच्या नवरदेवाला इजा होऊ नये. बाजूला चामड्याची एक झूल, घोडा आवेशात मानेला चावतो म्हणून ती घोडीच्या मानेवर टाकतात. आणि ह्या सगळ्याच्या आधी एक टीझर घोडा असतो, बिचाऱ्याचं काम एवढंच की घोडीच्या जवळ जाऊन ती माजावर आहे का हे दाखवून द्यायचं. ती तयार दिसली की ह्याला बाजूला काढतात आणि महागड्या साहेबांना आणतात. मित्र म्हणाला, आमच्या टीमलीडचं पण माझ्याबाबतीत असंच चालतं.

मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला, गाईम्हशींसारखं कृत्रिम रेतन का नाही करत? तर थरोब्रेडमध्ये, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या ह्या जातीत, त्याला सक्त मनाई आहे, जगभर. नैसर्गिकरीत्या झालेलं शिंगरूच स्टडबुकात, म्हणजे वंशावळीच्या अधिकृत वहीत, नोंदवलं जातं. म्हणजे घोडीला ट्रकने, कधी विमानाने आणायचं, आणि घोड्याने सीझनमध्ये दिवसाला दोन-तीन वेळा ड्यूटी करायची. सीझन साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून जुलैपर्यंत. घोडी अकरा महिने गाभण असते आणि उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस सरसकट १ जानेवारी धरतात, त्यामुळे जो तो शिंगरू जानेवारी-फेब्रुवारीत व्हावं म्हणून धडपडतो. मेमध्ये जन्मलेलं पोर शर्यतीत स्वतःपेक्षा चार महिन्यांनी मोठ्या पोरांशी 'एकाच वयाचं' म्हणून पळणार ना. मग घोड्या लवकर माजावर याव्यात म्हणून डिसेंबरपासून तबेल्यात रात्री दिवे लावून त्यांना दिवस मोठा झाल्याचं भासवतात. कागदाचा वाढदिवस गाठायला निसर्गालाच फसवायचं, आपल्याकडे शाळाप्रवेशासाठी जन्मतारीख सरकवायचे तेच, फक्त इथे वीजबिलही येतं.

नंतर बाहेर, स्टॅलियन पॅडॉक, म्हणजे पैदाशीच्या घोड्यांची कुरणं. प्रत्येकाला वेगळं कुरण, उंच लाकडी कुंपण, आणि दोन कुंपणांच्या मध्ये वाट सोडलेली कारण एकमेकांपर्यंत पोचले तर फाडून खातील. इनव्हिन्सिबल स्पिरिट तेव्हा बावीस वर्षांचा होता. कुमैत रंग, म्होरकीवर पितळी पट्टी, त्यावर नाव. आम्ही दहा-बारा जण कुंपणाला चिकटून फोन काढून उभे, आणि साहेबांनी आमच्याकडे पाठ केली आणि चरत राहिले. बाई म्हणाल्या, तो कुणाकडेच बघत नाही, त्याला माहितीये घर कोण चालवतं.

आणि हे शब्दशः खरं आहे. हिशेब करा, सीझनला नुसत्या शंभर घोड्या धरल्या तरी सव्वा कोट युरोच्या आसपास जातं. पण २००३ मध्ये तो इथे आला तेव्हा फी होती दहा हजार. पळणारा घोडा म्हणून चांगला होता, २००२ मध्ये हेडॉक स्प्रिंट कप जिंकलेला, पण युरोप हादरला वगैरे काही नाही. मग २००६ मध्ये त्याची पहिली पोरं दोन वर्षांची होऊन ट्रॅकवर आली आणि एकामागून एक जिंकत सुटली. पुढे किंगमनसारखा मुलगा झाला, ऑस्ट्रेलियात आय अॅम इनव्हिन्सिबल नावाचा मुलगा तिकडचा टॉपचा बाप झाला, आणि फी चढत चढत बारापट झाली. आपण म्हणतो ना पोराने बापाचं नाव काढलं, तर इथे पोरं बापाचं नाव काढतात आणि भावही काढतात. स्वतःच्या शर्यती फक्त पहिली दोन-तीन वर्षं कामाला येतात, त्या काळात मालक लोक आशेवर घोड्या पाठवतात. नंतर पोरांचा निकाल लागतो आणि एकेकाळचे स्टार घोडे गुपचूप स्वस्तात निघतात, त्यांचे फोटो मग ब्रोशरच्या मागच्या पानावर.

शेजारच्या पॅडॉकांमध्ये नॅशनल डिफेन्स होता, तो इनव्हिन्सिबल स्पिरिटचाच मुलगा, म्हणजे बाप आणि लेक एकाच फर्मवर नोकरीला. डेकोरेटेड नाइट होता, तो गॅलिलिओचा. आणि कुणाचीही वंशावळ वर चढवत न्या, लवकरच नॉर्दर्न डान्सर लागतो. इनव्हिन्सिबल स्पिरिट हा ग्रीन डेझर्टचा, तो डान्झिगचा, तो नॉर्दर्न डान्सरचा. गॅलिलिओ सॅडलर्स वेल्सचा, तोही नॉर्दर्न डान्सरचा. कॅनडात जन्मलेला हा बुटका घोडा लहानपणी पंचवीस हजार डॉलरलाही कुणी घेतला नव्हता, मग मालकानेच पळवला आणि १९६४ ची केंटकी डर्बी जिंकला. आपल्याकडे वर्षानुवर्षं चॅम्पियन बाप ठरलेला रझीन त्याचाच मुलगा, हे मित्राने तिथल्या बाईंना ऐकवलं आणि तेवढ्यात त्याची कॉलर ताठ.

आता एवढे सगळे एकाच आजोबाचे म्हटल्यावर नात्यातल्या नात्यात लग्नं होणारच. आपल्याकडे सगोत्र म्हटलं की मोठ्या माणसांच्या भुवया वर जातात, इथे चार्ट काढून मुद्दाम जुळवतात. त्या वर्षी शर्यतींत जिचा सगळीकडे बोलबाला होता ती घोडी एनेबल, तिच्या बापाचा आजोबा सॅडलर्स वेल्स आणि आईचा बापही सॅडलर्स वेल्सच! असं हमखास जमत नाही, बऱ्याचदा दोषही दुप्पट होतात, पण जमलं तर एनेबल होते.

मला मात्र सगळ्यात पटलं ते बाईंनी जाता जाता सांगितलं ते. थरोब्रेडवाल्यांच्या बोलण्यात बाप एक म्हणून दोन घोड्यांना कुणी भाऊ म्हणत नाही. बापाला वर्षाला शंभर-दीडशे पोरं, भाऊ मोजायचे कुणी. आई एक असेल तरच भाऊ. इनव्हिन्सिबल स्पिरिटची आई राफा, १९९० ची प्री द दियान म्हणजे फ्रेंच ओक्स जिंकलेली. तिचाच दुसरा मुलगा कोडियाक, ज्याला पळताना एकही ग्रुप रेस, म्हणजे वरच्या दर्जाची शर्यत, जिंकता आली नाही, पण राफाचा म्हणून त्याला पैदाशीला ठेवलं आणि तोही आयर्लंडमधला नावाजलेला बाप निघाला. आईने एका शिंगरावर वर्ष घालवायचं आणि पोस्टरवर फोटो बापाचा. घोडी-शिंगरांच्या कुरणात तर हे डोळ्यासमोरच दिसलं, लांब लांब पायांची शिंगरं आईच्या आडून बघत होती, त्यांना अजून नावं नव्हती, म्होरकीच्या पट्टीवर आईचं नाव आणि जन्मवर्ष एवढंच.

परत येताना बाईंनी एक दिशा दाखवली, तिकडे बॅलिमनी स्टड. तिथला शेरगार १९८१ ची एप्सम डर्बी दहा घोड्यांच्या लांबीने जिंकला होता, इतक्या फरकाने ती कुणीच जिंकलेली नाही. मालक आगा खान, म्हणजे चौथे आगा खान, ज्यांनी १९६९ मध्ये येरवड्याचा पॅलेस देशाला दिला तेच. त्यांनी शेरगारचे चाळीस हिस्से केले, एकेक अडीच लाख पाउंडाला, म्हणजे घोडा एक कोटी पाउंडाचा. एका सीझनची पोरं झाली, आणि ८ फेब्रुवारी १९८३ च्या रात्री, दुसरा सीझन सुरू व्हायच्या तोंडावर, तोंडं झाकलेले बंदूकधारी आले आणि घोडा ट्रेलरमध्ये घालून घेऊन गेले. खंडणीचे फोन आले. पण उचलून नेणाऱ्यांना बहुतेक वाटलं असावं की मालक एकच, त्याला फोन केला की पैसे मिळतील. इथे हिस्सेदार चौतीस-पस्तीस, वेगवेगळ्या देशांत, आणि एकदा पैसे दिले तर उद्या प्रत्येक पागेतून घोडे उचलले जातील हीही भीती. पैसे दिले नाहीत, घोडा परत मिळाला नाही, हाडंसुद्धा सापडली नाहीत. आयआरए ह्या आयरिश सशस्त्र संघटनेवर संशय आहे, पण खटला कुणावरच चालला नाही. मित्र बराच वेळ काही बोलला नाही, पुण्यात त्याने पैसे लावून हरलेल्या घोड्यांबद्दल मी त्याला इतका गंभीर कधी बघितला नव्हता.

आपल्या भारतातल्या थरोब्रेडच्या वंशावळीची नोंद पुण्यातच होते, रेसकोर्सवर, स्टडबुक ऑथॉरिटीकडे, हे मला त्या दिवशी मित्राकडून कळलं.

ज्यांना जायचंय त्यांनी मार्च ते मे गाठा, शिंगरं तेव्हाच दिसतात. टूर तिकिटातच धरलेली असते, ती सोडू नका, नाहीतर नुसतं गवत बघून याल. आम्ही गेलो तेव्हा म्युझियममध्ये आर्कल ह्या स्टीपलचेसवाल्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीतल्या, घोड्याचा खराखुरा सांगाडा उभा होता. जॅकेट न्या, ऊन असलं तरी न्या. आणि आउटलेटवाली मंडळी सोबत असतील तर परतीची ट्रेन आधी ठरवा आणि त्यांना त्याच्या एक तास आधीची सांगा.