आईच्या बाल्कनीतला वेल आणि कॅलाबारची बी

आईच्या बाल्कनीत एक वेल आहे, पांढऱ्या टोपीतून लालभडक फूल डोकावतं असा, नर्सरीवाल्याने ब्लीडिंग हार्ट म्हणून दिलेला. परवा सहज त्याचं शास्त्रीय नाव बघितलं, क्लेरोडेंड्रम थॉमसोनी, म्हटलं ही थॉमसन कोण, आणि मग रात्रीचा एक कधी वाजला कळलंच नाही.

तर ही एका स्कॉटिश मिशनऱ्याची बायको. नवरा ओल्ड कॅलाबारला होता, म्हणजे आत्ताच्या नायजेरियात, आणि नाव ठेवलं एडिनबराच्या बाल्फोर नावाच्या प्रोफेसरने. याच बाल्फोरने कॅलाबारच्याच आणखी एका वेलाचं बारसं केलं, फायसोस्टिग्मा व्हेनेनोसम. खरी गंमत त्याच्यात आहे.

तिथले एफिक लोक त्या वेलाच्या चॉकलेटी बीला एसेरे म्हणायचे. कोणावर चेटकाचा आळ आला की ही बी खायला घालायची, उलटी झाली तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. आपल्याकडे पण दिव्य करायचे की, उकळत्या तेलातून नाणं काढायचं वगैरे, त्यामुळे नाक मुरडायचं काही कारण नाही.

बी एडिनबराला पोचली आणि 1855 मध्ये ख्रिस्टिसन नावाच्या विषतज्ज्ञाने ती चक्क स्वतःच खाऊन बघितली. अख्खी नाही हं, तुकडाच, पण तेवढ्यानेही हातपाय गळाले, मग गडी दाढीचं साबणाचं पाणी प्यायला, उलटी काढली म्हणून वाचला. प्रोफेसर झाले म्हणून काय झालं! पुढे 1863 मध्ये दुसऱ्या एकाने तिचा अर्क डोळ्यात घालून बघितला तर बाहुली बारीक झाली, आणि त्यातून काचबिंदूवर औषध निघालं. आपल्या धोत्र्याने बाहुली मोठी होते, हिचं बरोब्बर उलटं, म्हणून धोत्र्याच्या विषावर उतारा म्हणूनही हेच औषध वापरतात.

शोधाच्या कथेत सगळी नावं एडिनबराची. ही बी माणसाला काय करते हे ज्यांना पिढ्यानपिढ्या माहीत होतं त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला सापडलं नाही, फक्त औषधाचं जुनं नाव तेवढं एसेरिन राहिलं. आणि नाग चावल्यावर आपल्याकडे सरकारी दवाखान्यात निओस्टिग्मिनचं इंजेक्शन देतात ना, ते याच एसेरिनच्या धर्तीवर लॅबमध्ये बनवलेलं.